गुण गोळीचा की दिवसांचा?

वाचकाचे पत्र

आदरणीय डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

मी बार्शीत प्राथमिक शिक्षिका आहे, वय ३९. गेल्या महिन्यात सर्दी होऊन मला खोकला सुरू झाला. चौथ्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी छाती तपासली, "छाती साफ आहे" म्हणाले आणि पॅरासिटामॉल व गरम पाणी एवढेच सांगितले. अँटिबायोटिक मागितले तर "गरज नाही" म्हणाले. खोकला थांबेना, वर्गात बोलणे अवघड झाले, कफ पिवळा पडू लागला, म्हणून नवव्या दिवशी शेजारणीच्या सांगण्यावरून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी अझिथ्रोमायसिन ५०० च्या पाच गोळ्या आणि खोकल्याचे सिरप दिले. तीन गोळ्यांतच उतार पडला आणि चौदाव्या दिवशी खोकला पूर्ण थांबला. उरलेल्या दोन गोळ्या मी ठेवून दिल्या. यजमान म्हणतात, पहिल्या डॉक्टरांचे आता वय झाले, दुसऱ्यांच्या हाताला गुण आहे.

आता सासूबाईंना (वय ६८) बारा दिवसांपासून खोकला आहे. कफ हिरवट आणि घट्ट पडतो. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यांचे निम्मे आयुष्य गावी चुलीपुढे गेले. धाकट्या मुलालाही (वय ४) आठवडाभर खोकला आहे, पण तो खेळतो, जेवतो. सासूबाईंना माझ्या उरलेल्या दोन गोळ्या द्याव्यात का? मुलाला माझेच सिरप अर्धा चमचा चालेल का? आणि पहिल्या डॉक्टरांनी वेळीच औषध दिले असते तर माझे दहा दिवस वाचले असते, हे खरे ना?

— एक वाचक

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्यातले दिवस. चौथा, नववा, चौदावा असा नेमका हिशेब दवाखान्यात सहसा ऐकायला मिळत नाही. "लई दिस झाले बघा" यापलीकडे बहुतेकांची गाडी जात नाही, आणि मग औषधाचा गुण कोणता व आजाराची स्वतःची चाल कोणती, हे वेगळे काढता येत नाही. तुम्ही हिशेब ठेवला आहे, म्हणून उत्तरही हिशेबानेच देतो; मात्र सुरुवात तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून करतो, कारण उरलेल्या दोन प्रश्नांची वाट तिथूनच जाते.

सर्दीच्या पाठोपाठ येणाऱ्या, कफ असलेल्या किंवा नसलेल्या, पण न्यूमोनिया नसलेल्या खोकल्याला वैद्यकात तीव्र ब्राँकायटिस म्हणतात. नाव भारदस्त आहे, आजार साधा आहे. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला सूज येते, आणि ती बहुतेक वेळा विषाणूंमुळे येते. जिवाणूंमुळे ती येण्याचे प्रमाण दहात एकापेक्षाही कमी मानले जाते. विषाणू काही दिवसांत निघून जातात, पण सोलवटलेले अस्तर भरून यायला वेळ लागतो, आणि तोवर गार हवा, फोडणीचा ठसका, खडूची धूळ, मोठ्याने वाचलेली कविता अशा कशानेही खोकल्याची उबळ येते. तुमच्या व्यवसायात तर यातल्या दोन गोष्टी रोजच्याच आहेत.

हा वेळ किती लागतो, याचा शोध अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाच्या मार्क एबेल आणि सहकाऱ्यांनी घेतला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना प्रतिजैविक (अँटिबायोटिक) मिळाले नव्हते अशा रुग्णांची माहिती असलेले १९ अभ्यास त्यांनी एकत्र केले, तेव्हा खोकल्याचा सरासरी काळ जवळपास १८ दिवस निघाला. त्याच वेळी त्यांनी सामान्य माणसांना विचारले की, असा खोकला किती दिवस चालेल असे तुम्हाला वाटते? उत्तरे आली सात ते नऊ दिवसांची. माझ्या मते या साऱ्या विषयाची किल्ली या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे. माणूस आठवडाभर धीर धरतो, आठव्या-नवव्या दिवशी "आता काहीतरी बिघडले" असे त्याला वाटू लागते, तो दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो, आणि नेमका त्याच सुमारास आजार उताराला लागलेला असतो. तुम्ही नवव्या दिवशी गेलात. त्या दिवशी तुम्हाला पाच गोळ्या मिळाल्या असत्या, काढा मिळाला असता किंवा कोणी अंगारा लावला असता, तरी पुढच्या चार-पाच दिवसांत खोकला उतरण्याचीच शक्यता मोठी होती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते ती अशी. दुसऱ्या डॉक्टरांच्या हाताला गुण असेलही, पण तुमच्या खोकल्यावरून तो सिद्ध होत नाही.

यावर तुम्ही म्हणाल, आणि म्हणायलाच हवे, की सरासरी १८ दिवसांची असताना माझा खोकला चौदाव्या दिवशी थांबला, म्हणजे चार दिवस तरी गोळीने वाचवलेच ना? सरासरी १८ म्हणजे काहींचा खोकला १० दिवसांत थांबतो आणि काहींचा महिनाभर रेंगाळतो. एका माणसाच्या अनुभवावरून त्याचे गोळी न घेतलेले आयुष्य कसे गेले असते, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणूनच तुलना करावी लागते: सारख्याच आजाराच्या माणसांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करायचे, एकाला खरे औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी नकली गोळी द्यायची, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही कळू द्यायचे नाही व डॉक्टरांनाही नाही.

योगायोगाने तुम्ही घेतलेल्या अझिथ्रोमायसिनचीच अशी परीक्षा शिकागोमध्ये झाली होती आणि २००२ मध्ये ती लॅन्सेट या नियतकालिकात छापून आली. तीव्र ब्राँकायटिसच्या २२० प्रौढ रुग्णांपैकी निम्म्यांना अझिथ्रोमायसिन दिले आणि निम्म्यांना क जीवनसत्त्व. सातव्या दिवशी दोन्ही गटांतील ८९ टक्के लोक आपापल्या नेहमीच्या कामाला लागलेले होते. फरक काहीच दिसत नाही म्हणून तो प्रयोग ठरलेल्या वेळेआधीच थांबवण्यात आला. पुढे युरोपातील १२ देशांत याहून मोठी परीक्षा झाली; २,०६१ रुग्ण, औषध ॲमॉक्सिसिलिन, सात दिवस, तेही भरपूर मात्रेत. बऱ्यापैकी जाचक लक्षणे टिकण्याचा काळ औषधाच्या गटात सहा दिवस आणि नकली गोळीच्या गटात सात दिवस असा निघाला, आणि एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. त्या प्रयोगात साठी ओलांडलेल्या रुग्णांचा हिशेब मुद्दाम वेगळा मांडला होता, आणि त्यांनाही जास्तीचा फायदा झालेला दिसला नाही. औषधाचा उपयोग अगदी शून्य मात्र नव्हता, आणि हे लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल: औषध घेणाऱ्या दर ३० जणांमागे एकाची प्रकृती जास्त बिघडण्याचे टळले. पण दर २१ जणांमागे एकाला मळमळ, जुलाब किंवा अंगावर पुरळ असा जास्तीचा त्रासही झाला. अशा सर्व चाचण्यांची बेरीज करणाऱ्या कोक्रेन समीक्षेत प्रतिजैविकाने खोकल्याचा सुमारे अर्धा दिवस वाचतो, असा निष्कर्ष आहे. तुमचे दहा दिवस वाचले असते का, याचे उत्तर हे: वाचला असता तर अर्धा दिवस.

प्रतिजैविकावरची श्रद्धा कशी वाढते, याचेही मोजमाप झाले आहे आणि मला ते फार बोलके वाटते. इंग्लंडमध्ये ८०७ रुग्णांचे तीन गट केले: एकाला पहिल्याच भेटीत प्रतिजैविक, दुसऱ्याला "बरे वाटले नाही तरच आणा" असे सांगून ठेवलेली चिठ्ठी, तिसऱ्याला काहीच नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात खोकला टिकण्याच्या काळात तिन्ही गटांत नाव घेण्याजोगा फरक नव्हता. पण "अशा खोकल्यावर प्रतिजैविक गुणकारी असते का?" असे नंतर विचारल्यावर, लगेच औषध मिळालेल्यांपैकी ७५ टक्क्यांनी हो म्हटले, चिठ्ठी ठेवलेल्यांपैकी ४० टक्क्यांनी आणि औषध न मिळालेल्यांपैकी ४७ टक्क्यांनी. खोकला सगळ्यांचा सारखाच गेला, विश्वास मात्र गोळी मिळालेल्यांचाच वाढला. पुढच्या खोकल्याला हीच माणसे दवाखान्यात येऊन "मागच्या वेळच्याच गोळ्या द्या" म्हणतात, आणि डॉक्टरही त्या देतात. मी हे कोणाकडे बोट दाखवायला लिहीत नाही. दवाखाना सुरू केल्यानंतरची पहिली अनेक वर्षे, विशेषतः बाजाराच्या दिवशी संध्याकाळी बाकावर पंधरा माणसे बसलेली असताना, मीही हेच केले. "गरज नाही" हे समजावून सांगायला सात मिनिटे लागतात, आणि गोळी लिहायला अर्धे मिनिट.

तुमच्या पहिल्या डॉक्टरांनी निर्णय बरोबर घेतला, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांचे चुकले ते बोलण्यात. "गरज नाही" एवढ्यावर थांबण्याऐवजी "हा खोकला अडीच आठवडेही चालेल, धाप लागली, पुन्हा ताप भरला, कफात रक्त दिसले किंवा दोन आठवडे उलटले तर या" असे त्यांनी सांगितले असते, तर नवव्या दिवशी तुम्ही घाबरला नसता. किती दिवस लागतील आणि कशासाठी परत यायचे, या दोन गोष्टी सांगणे हाच या आजारात मोठा उपचार असतो. त्यांनी तपासणीचे पैसे घेतले आणि "काहीच दिले नाही" असे तुम्हाला वाटले असेल, तर स्टेथोस्कोप लावून न्यूमोनिया नाही हे ठरवणे ही देण्यासारखीच गोष्ट होती, एवढे मात्र यजमानांना सांगा.

आता कफाच्या रंगाकडे येऊ, कारण तुम्हालाही पिवळ्या कफाने धास्तावले होते आणि सासूबाईंचा हिरवट आहे. बेडका हिरवा पडला म्हणजे "इन्फेक्शन झाले" ही समजूत घरोघरी आहे, आणि खरे सांगायचे तर अनेक दवाखान्यांतही आहे. हिरवेपणा येतो तो आपल्याच पांढऱ्या पेशींतून. जंतूंशी लढणाऱ्या या पेशींमध्ये लोह असलेले एक हिरवट विकर (एन्झाइम) असते, पेशी मोठ्या संख्येने जमल्या आणि फुटल्या की ते कफात उतरते. या पेशी विषाणूंविरुद्धही धावून येतात, त्यामुळे रंगावरून शत्रू ओळखता येत नाही, केवळ लढाई चालू आहे एवढे कळते. रात्रभर साठलेला कफ सकाळी जास्त गडद दिसतो, तोही याच कारणाने. युरोपातील १३ देशांत झालेल्या एका पाहणीत पिवळा-हिरवा कफ असलेल्या रुग्णांना प्रतिजैविके जवळपास तिप्पट वेळा लिहून दिली गेली होती, पण त्यामुळे ते लवकर बरे झाले असे आढळले नाही.

हे तुमच्यासाठी. सासूबाईंची गोष्ट निराळी असू शकते, आणि तुम्ही "निम्मे आयुष्य चुलीपुढे गेले" हे वाक्य लिहिलेत म्हणून मी तिथे थांबलो. लाकूड आणि शेणीचा धूर वर्षानुवर्षे छातीत गेला की, विडीकाडीला कधीही न शिवलेल्या बाईलाही तसाच फुप्फुसांचा आजार होतो, जो आपण विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्यांत पाहतो. सीओपीडी हे त्याचे रूढ नाव. धूम्रपान न करणाऱ्यांतील या आजाराकडे जगाचे लक्ष वेधणाऱ्या लेखांपैकी एक महत्त्वाचा लेख पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमधील संशोधकाच्या सहभागाने २००९ मध्ये लॅन्सेटमध्येच आला होता. आपल्याकडच्या बायका याला "वयाची धाप" म्हणून अंगावर काढतात. सासूबाईंना विचारून पाहा: पाण्याची कळशी घेऊन जिना चढताना मध्ये टेकावे लागते का, दर हिवाळ्यात महिना-दोन महिने कफ पडतो का, बरोबरीच्या बायकांसोबत चालताना त्या मागे राहतात का. उत्तर हो असेल तर वर सांगितलेले सगळे आकडे त्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत, कारण त्या अभ्यासांत बहुतेक निरोगी फुप्फुसांची माणसे होती. सीओपीडीच्या रुग्णाची धाप वाढली, कफ वाढला आणि त्याचा रंग पालटून तो पुवासारखा झाला, तर प्रतिजैविकाचा खरोखर फायदा होतो. कॅनडातील विनिपेग येथे १९८७ मध्ये झालेल्या अभ्यासापासून या तीन खुणा डॉक्टर वापरत आले आहेत. म्हणजे कफाचा जो रंग तुमच्या बाबतीत काही सांगत नव्हता, तोच त्यांच्या बाबतीत बरेच काही सांगू शकतो. त्यांना हा आजार आहे की नाही, हे नळीत जोराने फुंकून करायच्या स्पायरोमेट्री या तपासणीने ठरते. सध्याचा खोकला ओसरल्यावर ती एकदा अवश्य करून घ्या.

दुसरी शंका न्यूमोनियाची. वय झालेल्या माणसाला न्यूमोनियात जोराचा ताप येतोच असे नाही. कधी नुसते जेवण तुटते, कधी माणूस असंबद्ध बोलू लागतो किंवा दिवसभर पडून राहतो. घरच्या घरी एक गोष्ट नेमकी करता येते. त्या शांत बसलेल्या असताना, त्यांना न सांगता, पदराची वर-खाली हालचाल पाहत घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. श्वास मिनिटाला २४ पेक्षा जास्त, नाडी १०० च्या वर किंवा अंगात १०० अंशांहून अधिक ताप, यांपैकी काहीही असेल तर छाती तपासून गरज पडल्यास एक्स-रे काढायला हवा. श्वास ३० किंवा त्याहून जास्त भरला, बोलण्यात गोंधळ दिसला किंवा कोविडच्या वेळी घेतलेले बोटाचे यंत्र घरी असेल आणि ते सतत ९४ च्या खाली दाखवत असेल, तर दवाखाना उघडण्याची वाट न पाहता थेट रुग्णालयात न्या.

रक्तदाबाच्या गोळीचे नाव तुम्ही लिहिलेले नाही. ती रॅमिप्रिल, एनालाप्रिल अशी "प्रिल" शेपटीची असेल, तर तिने कोरडा, घशात खाजल्यासारखा खोकला येऊ शकतो. घट्ट कफ असताना हे कारण मागे पडते, तरी नाव डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतःहून मात्र बंद करू नका.

तिसरी शंका क्षयाची, आणि इथे मी वाचलेल्या परदेशी आकड्यांना आपल्या मातीतली मुरड घालावी लागते. साध्या खोकल्याची सरासरी १८ दिवस, आणि आपला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सांगतो की दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा. म्हणजे साध्या खोकल्याचे कितीतरी रुग्ण या चाळणीत सापडणार, आणि बहुतेकांचा अहवाल निर्दोष येणार, हे उघड आहे. इंग्लंड-अमेरिकेतल्या डॉक्टरांना हा हिशेब उधळपट्टीचा वाटेल. मला तो रास्त वाटतो. आपल्याकडे क्षय घरात, शाळेत, एसटीच्या बाकावर आहे. सरकारी केंद्रात सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर थुंकीची तपासणी मोफत होते आणि औषधालाही तो जंतू दाद देईल का याची पहिली कल्पना त्याच तपासणीत मिळते. सासूबाईंचा आज बारावा दिवस असेल, पत्र छापून येईपर्यंत चौदावा उलटलेला असेल. तेव्हा एवढी तपासणी करून टाकाच. लाळ नको, सकाळी उठल्याबरोबर खोल खोकून काढलेला कफ हवा. चूळ भरून मग डबीत घ्या.

क्षयाचा विषय निघाला म्हणून एक सावधगिरीची गोष्ट. दुकानातून परस्पर गोळ्या आणल्या, तर कधी लिव्होफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक हातात पडते. या जातीची औषधे क्षयाच्या जंतूंना काही काळ दाबतात; आठ-दहा दिवस बरे वाटते, थुंकीत जंतू सापडत नाहीत, आणि निदान लांबते. खोकल्याचे कारण ठरण्याआधी ही गोळी कोणी देऊ लागले, तर "थुंकी तपासली का?" असे विचारायला संकोचू नका.

आता त्या दोन गोळ्या. सासूबाईंना देऊ नका. त्यांना प्रतिजैविकाची गरज नसेल तर दोन गोळ्या वायाच जाणार, आणि न्यूमोनिया किंवा सीओपीडीचा उठाव असेल तर दोन गोळ्यांनी तो बरा होणार नाही, फक्त दोन दिवस निघून जातील. शिवाय अझिथ्रोमायसिन काही रुग्णांत हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये तसा इशारा दिला होता. वय, रक्तदाब आणि सोबतची औषधे पाहूनच ते द्यायचे असते. आपल्या देशात २०१९ मध्ये खासगी बाजारात सर्वांत जास्त खपलेले प्रतिजैविक म्हणजे हीच ५०० ची गोळी, असे एका अभ्यासात आढळले आहे. तेव्हा ती घरोघरी उरलेली असणार, यात नवल नाही. "प्रतिजैविकांना जंतू दाद देत नाहीत" हे वाक्य आपण देशाबद्दलची बातमी म्हणून वाचतो, पण ब्रिटिश संशोधकांनी २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले की, एका माणसाने घेतलेल्या एका कोर्सनंतर त्याच्याच अंगातील जंतूंमधली ही बेदरकारी पहिल्या महिन्यात सर्वाधिक असते आणि वर्षभरापर्यंत टिकू शकते. उद्या तुम्हालाच मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, तर गेल्या महिन्यातील अनावश्यक गोळ्यांची किंमत तुमच्याच खात्यातून वळती होईल.

मुलाबद्दल मात्र मला काळजी कमी आणि सिरपची धास्ती जास्त आहे. खेळतो, जेवतो, म्हणजे बहुतेक ठीक आहे. लहान मुलांत साध्या खोकल्याला निम्मी मुले दहा दिवसांत बरी होतात, पण दहापैकी नऊ मुलांचा खोकला थांबायला २५ दिवस जातात, असे २०१३ मधील एका ब्रिटिश समीक्षेत दिसते; एकच आठवडा झाला आहे, त्याला वेळ द्या. तुमचे सिरप अर्धा चमचाही देऊ नका. बाटली हातात घेऊन बारीक अक्षरे वाचा: त्यात साधारणपणे तीन-चार औषधे एकत्र असतात, कफ पातळ करणारे, श्वासनलिका रुंदावणारे, सर्दीचे झोप आणणारे. श्वासनलिका रुंदावणारे औषध दम्याच्या घरघरीवर उत्तम, पण घरघर नसलेल्या साध्या खोकल्यावर त्याचा उपयोग दिसत नाही. हात थरथरणे, छातीत धडधडणे मात्र होते. आणि मोठ्यांचे औषध निम्मे केले की लहानांचे होते, हा हिशेब पोळीला चालतो, सिरपला नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपने लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली. उपचारांसाठी त्यांतल्या अनेकांना नागपुरात आणले होते, आणि कितीतरी वाचली नाहीत. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सूचना काढली की, दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सर्वसाधारणपणे देऊ नयेत. तुमचा मुलगा चार वर्षांचा आहे.

त्याला झोपण्यापूर्वी चमचाभर मध द्या. मधाबद्दल मी आजीबाईंच्या बटव्याच्या भरवशावर बोलत नाही. मुलांच्या रात्रीच्या खोकल्यावर मध देऊन केलेल्या नियंत्रित चाचण्या झाल्या आहेत आणि थोडा का होईना, उपयोग दिसला आहे. फक्त वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये, कारण त्यातून बॉट्युलिझम हा क्वचित होणारा पण जीवघेणा आजार होऊ शकतो. घरात पुढेमागे तान्हे बाळ आले तर बाळगुटीच्या वेळी हे लक्षात ठेवा. वाफाऱ्यासाठी उकळत्या पाण्याचे पातेले मुलापुढे ठेवू नका. त्याने खोकल्याला फारसा फरक पडत नाही आणि भाजलेली मुले मी पाहिली आहेत. त्याचाही श्वास झोपेत एक मिनिट मोजा: ४० किंवा त्याहून जास्त, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर त्याच दिवशी दाखवा.

सासूबाईंना घेऊन तुमच्या पहिल्याच डॉक्टरांकडे जा. जाताना खोकल्याचा पहिला दिवस, मोजलेले श्वास, रक्तदाबाच्या गोळीचे पाकीट आणि चुलीपुढची वर्षे एका कागदावर लिहून न्या. प्रतिजैविक लगेच हवे की दोन-तीन दिवस वाट पाहून, हे त्यांना उघडपणे विचारा. वाट पाहायची ठरली तर कोणते लक्षण दिसल्यावर सुरू करायचे, ते चिठ्ठीवरच लिहून मागा. आणि त्या उरलेल्या दोन गोळ्याही पिशवीत टाका. स्ट्रिपच्या पाठीवर उभी लाल रेघ दिसेल. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्या नसलेल्या औषधांवर असते. त्या गोळ्या त्यांच्या टेबलावर ठेवून तुम्ही दुसरीकडे गेला होता, हेही सांगून टाका. रागावले तरी हरकत नाही, पण तुम्ही नेमके काय घेतले हे त्यांना कळलेले बरे.